रेतीघाटाची टोळी : सुपरहिरो मालिकेतले पाच खलनायक कसे उभे करायचे?

रेघोटी
मालिकेचा सांगाडा आधी सांगतो. ११ मिनिटांचा एक भाग, असे ६ भाग. टूडी, सेकंदाला २४ फ्रेम. बघणारी पोरं ८ ते १२ वर्षांची, आणि बघणार बहुतेक घरातल्या मोबाइलवर. गाव काल्पनिक, नदी मात्र वैनगंगेच्या वळणाची: उन्हाळ्यात अर्धं पात्र कोरडं, त्यात टरबुजाच्या वाड्या, पलीकडच्या काठावर पळसाची रांग. नायिका १२ वर्षांची. तिला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. खलनायक म्हणजे रात्री घाटातून रेती चोरणारी पाच जणांची टोळी.

घोडं दोन ठिकाणी अडलं आहे. पाचही जण एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. नावं झाकली तर कोण बोलतंय ते कळत नाही. दुसरं, तिच्याकडे शक्ती आणि यांच्याकडे नुसते ट्रॅक्टर, त्यामुळे सामना तिसऱ्या मिनिटाला संपतो. टोळीच्या हातात एखादी किरणांची बंदूक द्यायचं मन होत नाही. कसं करावं?

डवरा
बंदूक नकोच. पाच गुंड काढत बसू नका, पाच कामं काढा. घाटावर कामं वाटलेली असतात.

मशीनवाला पात्रात पोकलेन चालवतो. खड्डा पाडणारा तोच. ट्रॅक्टरवाला माल बाहेर काढतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रॉलीत साधारण तेवढीच मावते. कोरडी असली तर वजन साडेचार टनांच्या आसपास, ओली त्याहून जड.

तिसरा लोकेशनवाला. पटकथेत हाच नेहमी गळतो आणि टोळी चालते ती याच्यावर. तहसील कार्यालयासमोरच्या चहाटपरीवर मोटरसायकल लावून बसलेला, हातात फक्त मोबाइल. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की ग्रुपवर एक शब्द टाकतो. नदीत तो कधी उतरत नाही, त्याच्या चपलेला रेतीचा कण लागत नाही.

चौथा पावतीवाला. रॉयल्टी भरलेली एक खरी पावती, आणि तिच्यावर रात्रभर फेऱ्या. अडवलं तर कागद खरा असतो, वेळ तेवढी खोटी. पाचवा मालक, तो घाटावर येतच नाही.

आता बघा. ट्रॅक्टरवाल्याला अडवलं तर उद्या दुसरा येईल. मशीन बंद पाडलं तर भाड्याचं येईल. लोकेशनवाल्याचे डोळे गेले तर मात्र अख्खी टोळी एका रात्रीत उघडी पडते. सांधा तिथे आहे, आणि तो माणूस सगळ्यांत निरुपद्रवी दिसतो. नायिकेला तो सापडायला चार-पाच भाग लागू द्या.

पाटीपेन्सिल
डवरा भाऊंचं पटलं. पण पाच जण एका चौकटीत उभे करण्याआधी चित्रांचा हिशोब मांडा.

११ मिनिटं म्हणजे ६६० सेकंद, १५,८४० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं. पाचही जण दीड मिनिट हलत राहिले तर ९० गुणिले १२ गुणिले ५, म्हणजे ५,४०० चित्रं नुसत्या टोळीची, नायिका अजून आलीच नाही. छोट्या गटाचा पहिला भाग इथेच रखडतो.

म्हणून पाच जण एकत्र फार तर २० सेकंद. ती १,२०० चित्रं झाली, झेपतात. बाकी वेळी दोघं बोलतील आणि उरलेले थांबलेले असतील. थांबलेला माणूस पुतळा वाटू नये यासाठी प्रत्येकाचं एकच काहीतरी हलतं ठेवा: पापणी, विडीचा धूर, मोबाइलच्या उजेडाची चेहऱ्यावरची लकाकी. लकाकीला तर नवीन चित्रही लागत नाही, वरच्या थराची पारदर्शकता कमीजास्त केली की झालं.

कटआउट रिग (सुटे हातपाय सांध्यांवर जोडून हलवायचं पात्र) केली तर सहा भागांत वेळ वसूल होतो. फसते ती खांद्यात आणि कमरेत, माणूस वळतो तेव्हा. समोरून, पाऊण, बाजूने, मागून असे चार कोन आधीच काढून ठेवा आणि वळताना मध्ये एकच हाती काढलेलं चित्र घाला. डोळ्याला तेवढं पुरतं. मालकाची रिग करूच नका. त्याचा फक्त हात दाखवा, सहाव्या भागापर्यंत.

फाळका
चाकाचं अजून कोनी बोल्लंच नाही बाप्पा. ट्रॅक्टरचं मागचं चाक काढसान तं सांभाळून काढा. व्यास १.३ मीटर धरला तं घेर झाला ४.१ मीटर. रबराचे दात २० काढले अन् ट्रॅक्टर ताशी १८ किलोमीटरनं पयवला, तं चाक सेकंदाले सव्वा वेळा फिरते, म्हणजे २४-२५ दात. फ्रेम बी २४च! दर फ्रेमले एका दाताच्या जागी दुसरा दात येऊन बसते, चाक फिरतच नाही असं दिसते. जराक हळू केला तं उलटं फिरते. पोट्टे हासतेत. इलाज सोपा हाय: दातांच्या जागी धूसर पट्टा मारा अन् एकाच दाताले चिखलाचा ठिपका द्या. तो ठिपका घुमला की चाक घुमलं.

दुसरं, भरलेली ट्रॉली अन् खाली, म्हंजे रिकामी, ट्रॉली सारखीच काऊन उडवता तुमी? साडेचार टन वझं हाय ते. निघताना पह्यले मागचे टायर दबते, ट्रॅक्टरचं तोंड जराक वर होते, मंग हिसडा बसून ट्रॉली हालते. खाली ट्रॉलीले १२ फ्रेम लावले असन तं भरलेलीले ३० लावा. खड्ड्यात भरलेली उसळत नाही, रिकामीच उसळते. अन् रिकाम्या ट्रॉलीचा फाळका, म्हंजे मागची फळी, वाजते. रात्री दुरून पह्यले तोच आयकू येते, इंजिन मागून.

पत्तेपिसारा
टोळ्यांच्या रचनेत पत्त्यांची 'रॉयल फ्लश' टोळी बघण्यासारखी आहे. १९६६ मध्ये 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' या कॉमिकमध्ये आली. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. सोय अशी की पोराला ओळख करून द्यावी लागत नाही, पत्ता बघितला की दर्जा कळतो.

पण मजा पुढे आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'बॅटमॅन बियॉन्ड'मध्ये ती टोळी म्हणजे एक घर आहे: आईबाप राणी-राजा, पोरगा गुलाम, पोरगी दश्शी, आणि एक्का यंत्रमानव. २००३ मध्ये 'जस्टिस लीग' मालिकेत नाव तेच, पण या वेळी पाच शक्तिवान तरुण पोरं, आणि त्यांना जोकर वापरून घेतो. पत्ते तेच, बांधणारा दोर वेगळा. 'बॅटमॅन बियॉन्ड'च्या टोळीत पोरीचं मन नायकावर जडतं आणि ताण थेट घरात शिरतो. 'जस्टिस लीग'च्या टोळीत एक्का झालेल्या मुलीला आपण वापरले जातोय हे कळतं आणि डाव तिथून उलटतो. दोन्ही वेळा टोळी आतल्या दोरावर तुटते. नुसत्या ठोशाने तुटलेली टोळी पोरं आठवड्यात विसरतात.

मग रेघोटी, तुमच्या पाच जणांना कशाने बांधलंय? ते पटकथेत दिसत नाही.

रेघोटी
खरं आहे, दिसत नाही. पैशाने, एवढंच लिहिलंय.

डवरा
'पैसा' ढोबळ झाला. प्रत्येकाचा पैसा वेगळा असतो. ट्रॅक्टरवाल्याचा ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. नांगरणी-वखरणीचं भाडं उन्हाळ्याच्या शेवटी नि पेरणीच्या तोंडावर मिळतं, हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. म्हणून तो रात्री घाटावर. मजुरांना मालकाची उचल, ती फिटेपर्यंत सुटका नाही. मशीनवाल्याचं तासावर भाडं, मशीन उभं राहिलं की त्याचा जीव वरखाली. लोकेशनवाल्याला महिन्याचे ठरलेले. म्हणजे हप्ता फिटला की पहिला निसटेल तो ट्रॅक्टरवाला. तुमची 'दश्शी' तोच.

बोरू
दिसण्याबद्दल एक नाजूक गोष्ट. खलनायकांची टोळी म्हटली की चित्रकाराचा हात आपोआप ठरलेल्या वळणावर जातो: काळा रंग, कानात बाळी, डोक्याला फडकं, गळ्यात ताईत, पालात राहणारे. हे वळण साधं नाही. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपूरकडे ठगांविरुद्ध मोहिमा चालवल्या, त्यांच्या वृत्तांतांतून 'जन्मजात गुन्हेगार टोळी' ही कल्पना पक्की झाली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला. विदर्भातल्या वाड्या-तांड्यांवर त्या जमातींची पोरं तुमची मालिका बघणार आहेत, आणि शाळेत त्यांना आजही तेवढ्यावरून चिडवलं जातं. ढिवर-भोई या मासेमारांचंही तेच. नदीवर कायम दिसणारे तेच, म्हणून चित्रकार त्यांनाच टोळीत टाकतो.

उलट करा. पाचही जण गावातले प्रतिष्ठित दिसू द्या. पावतीवाल्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल. ही दोन पेनं म्हणजे त्याचं शस्त्र. ढिवरांची एक म्हातारी नायिकेच्या बाजूने ठेवा. पात्रात डोह कुठे आणि नवीन खड्डा कुठे हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

छायारेषेचा एक नियमही पाळा. पाचही जण काळे भरून टाका, आकार १२० पिक्सेल उंचीपर्यंत लहान करा आणि मोबाइल हातभर लांब धरून बघा. कोण कोण ते ओळखू आलं पाहिजे. मशीनवाला चौकोन, ट्रॅक्टरवाला पुढे झुकलेला, लोकेशनवाला मोटरसायकलसकट एकच आकार (तो गाडीवरून उतरतच नाही), पावतीवाला उभी काडी. रात्रीचं दृश्य म्हणून पार्श्वभूमी काळी करू नका. चांदण्यात रेती फिकट दिसते. ती मध्यम राखाडी ठेवा, माणसं गडद. उन्हात धरलेल्या मोबाइलवर काळ्यावर काळं म्हणजे काहीच नाही.

दंडार
टोळीच्या प्रवेशासाठी झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भाकडे बघा. तिथलं नाटक रात्रभर चालतं, मागच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसत नाही, म्हणून खलनायक आधी कानाने येतो. संगीतवाला ऑर्गनवर एक सूर धरतो, ऑक्टोपॅडवर थाप पडते, मग माणूस. तुमच्या मोबाइलच्या पडद्याची अडचण तीच, चेहरा लहान. प्रत्येकाला एक खूण द्या: पावतीवाल्याला पेनाची टिकटिक, मशीनवाल्याला पोकलेनच्या साखळीची खरखर, लोकेशनवाल्याला मेसेजचा टुंग. चौथ्या भागापर्यंत नुसता टुंग वाजला तरी पोरांनी श्वास धरला पाहिजे. खूण दोन सेकंदांच्या वर नको, आणि दोन खुणा एकाच पट्टीत नकोत, नाहीतर मोबाइलच्या स्पीकरवर एकमेकींत मिसळतात. जाड ढोल तर त्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, पैसे वाया.

फाळका
एक भांडण हाय माहं. टोळी वऱ्हाडीत बोल्ते अन् नायिका पुस्तकी मराठीत, असं करसान तं पाहाच. सगळ्या मालिकेत तेच. गुंडाले अन् जोकराले आमची बोली, अन् शहाण्याले पुण्याची. नायिका इथलीच हाय नं?

बोरू
फाळका भाऊ बरोबर. सुटसुटीत तोडगा: सगळे इथलंच बोलतील, मालक सोडून. तो फोनवर गुळगुळीत प्रमाण मराठी बोलेल. 'बघा, आपलं काम कायदेशीर आहे.' त्याने जास्त भीती वाटते. पूर्वेकडची झाडीबोली आणि पश्चिमेकडची वऱ्हाडी एकाच तोंडात कोंबू नका, वैनगंगेच्या काठचा प्रेक्षक लगेच पकडेल.

पाटीपेन्सिल
ओठांच्या हालचालीवरही बोलीचा परिणाम होतो. तयार मिळणारे तोंडाचे तक्ते इंग्रजीसाठी केलेले असतात, त्यात वरचे दात खालच्या ओठावर ठेवलेला एक आकार असतो. 'फळ', 'फाळका' म्हणताना आपल्याकडे ओठ मिटतात; तिथे तो दातांचा आकार लावला की पात्र परकं बोलल्यासारखं दिसतं. तो फक्त 'व'साठी ठेवा, तोही हलका. प, फ, ब, भ, म या पाचांसाठी मिटलेले ओठ निदान दोन फ्रेम धरा आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा. मागून आले तर डब केलेलं वाटतं. एकूण आठ-नऊ आकारांत काम भागतं. 'ळ'साठी वेगळा आकार काढायचा मोह होतो, पण जीभ आत वळते, बाहेरून दिसत नाही. सोडून द्या.

पानथळ
मूळ प्रश्न अजून सुटला नाही: नायिका तिसऱ्या मिनिटाला का जिंकत नाही? उत्तर रेतीतच आहे.

स्वच्छ रेतीत कणांमधली पोकळी ढोबळमानाने ३० ते ३५ टक्के असते. एक ब्रास म्हणजे २,८३० लिटर आकारमान, त्यात ८५० ते ९९० लिटर पाणी राहू शकतं. थोडक्यात, पात्रातून भरलेली एक ट्रॉली गेली की जवळजवळ हजार लिटर पाणी साठवायची जागा गेली. काठच्या विहिरी याच थरातून पाझरतात. रेती गेली की पावसाळ्याचं पाणी थांबत नाही, वाहून जातं; विहिरीची पातळी खाली जाते, काठ ढासळतो, पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो. खड्डे पुराच्या पाण्यात दिसत नाहीत, माणसं बुडतात ती तिथेच.

तिला पाणी ऐकू येतं ते ओल्या रेतीतून, असं ठेवा. मग टोळीला वेगळी शक्ती लागतच नाही. दर फेरीला तिचे कान एक ब्रासने कमी होतात. पहिल्या भागात तिला नदीपलीकडची विहीर ऐकू येते, तिसऱ्यात फक्त अलीकडचा काठ, पाचव्यात स्वतःच्या पायाखालचं. टोळीला हे माहीतही नाही! पडद्यावर दाखवायला आवाजाची वर्तुळं ठेवा, आणि दर भागात त्यांचा व्यास कमी करत न्या. पोरांना एकही संवाद न घालता कळेल.

पत्तेपिसारा
हे जमलं. खलनायकाचं रोजचं काम हेच नायिकेवरचं संकट. यापुढे हाणामारी असली काय, नसली काय.

सातबारा
शेवटच्या भागासाठी कायद्याची बाजू नीट घ्या, नाहीतर 'तहसीलदार म्हणजे बावळट' हा घिसापिटा विनोद होईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८. पोटकलम ७ खाली चोरलेल्या गौण खनिजाच्या (इथे रेतीच्या) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, पोटकलम ८ खाली वाहन आणि मशीन जप्त. सूर्यास्तानंतर उपसा करायला बंदी आहे, म्हणजे रात्री चालणारं मशीन हाच पुरावा. पावतीवाल्याला पकडायचं तर दोन पेनं कामाला लावा: रकमेची शाई निळी आणि वेळेची लाल दिसली की खाडाखोड उघडी.

जाता जाता, धोकादायक माणसांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याच्या लांबलचक नावात २०१५ मध्ये 'वाळू तस्कर' आले. त्यांच्या शेजारी २००९ पासून व्हिडिओ पायरेट बसलेले आहेत. मालिकेची चोरून प्रत काढणारा आणि मालिकेतला खलनायक एकाच ओळीत.

गाव, घाट, तालुका काल्पनिक ठेवा. गाड्यांना नंबरप्लेट काढू नका, चिखलाने झाका. खऱ्या गाड्यांचंही तसंच असतं.

रेघोटी
दोर, कान, पेनं, सगळं टिपून घेतलं. दोन गोष्टी राहिल्या. वीज कधीही जाते, तर शेवटचं रेंडर (संगणकाकडून पक्की चित्रं काढून घेणं) कसं करावं? आणि कान गेल्यावर नायिका लोकेशनवाल्यापर्यंत पोचते कशी?

पाटीपेन्सिल
रेंडर सरळ व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका, अर्ध्यात वीज गेली की अख्खी फाइल मेली. पीएनजी चित्रांची मालिका काढा, दर फ्रेमची वेगळी फाइल. १५,८४० पैकी ९,००० झाली आणि वीज गेली, तर ९,००१ पासून पुढे सुरू. वीज गेली त्या क्षणाचं चित्र मात्र अर्धवट लिहिलेलं असतं. शेवटची दोन पुसून पुन्हा काढा. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या चित्रांवर पुन्हा लिहिण्याची (Overwrite) खूण असते, ती काढून ठेवा. यूपीएस घ्या, पण ते रेंडर करायला नव्हे, संगणक नीट बंद करायला.

फाळका
दुसऱ्याचं मी सांगतो. ओली रेती भरली की ट्रॉलीच्या फाळक्यातून पानी टपकत जाते. धुळीच्या रस्त्यावर त्याचे काळे ठिपके पडते. डांबरावर मे महिन्यात लवकर वाळते, धुळीत उलीसे टिकते. ताशी १८ नं जाणारा ट्रॅक्टर सेकंदाले ५ मीटर जाते. अर्ध्या सेकंदाले एक थेंब धरला तं ठिपके अडीच मीटरवर. चढावर ट्रॅक्टर हळू होते, ठिपके जवळ येते. अन् जिथं थांबला तिथं एकच मोठं ओलं गोटोळं.

पानथळ
म्हणजे तिला ऐकू येईनासं झालं तरी पाणी दिसतं आहे.

फाळका
हो नं. ठिपके मोजत मोजत गेली पोट्टी. अडीच मीटर, अडीच मीटर, मंग दोन, मंग एक, अन् तहसीलच्या वळणावर चहाटपरीसमोर ओलं गोटोळं. ट्रॅक्टर तिथं रोज थांबते, पैसे द्याले. गोटोळ्याच्या बाजूले मोटरसायकलच्या स्टँडचं भोक, धुळीत. अन् मंग टुंग.

रेघोटी
पाचव्या भागाचा शेवट मिळाला. ठिपके काढायला घेतो. डवरा भाऊ, टपरीवर चहा काचेच्या ग्लासात की कागदी कपात?

डवरा
काचेच्या. अर्धा पिऊन ठेवलेला, वर साय आलेली.